कुटुंबांच्या सॅम्पलमधून गुणोत्तर काढायचंय: छेदही हलतो, तर स्टँडर्ड एरर कशी काढायची?

(प्रश्नोत्तरांचा धागा. तळटीप, छेदस्थान, अवशेष, टक्काटोपी, दशांशचिन्ह ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप

कुटुंब सर्वेक्षणाची फाइल आहे. सॅम्पल दोन टप्प्यांचं: प्रत्येक स्ट्रॅटममधून (लोकसंख्येचा आधीच आखलेला भाग) काही पीएसयू (पहिल्या टप्प्यात निवडलेली युनिटं, उदाहरणार्थ गावं), मग त्या पीएसयूंमधून कुटुंबं. कॉलम असे: स्ट्रॅटम, पीएसयू, वेट (सॅम्पलमधलं एक कुटुंब प्रत्यक्षातल्या किती कुटुंबांच्या जागी आहे तो आकडा), कुटुंबातली माणसं, कुटुंबातल्या कमावत्या व्यक्ती. हवा तो आकडा साधा, दर माणशी कमावत्या व्यक्ती किती. पण तीन वाटांनी गेलं की उत्तरं जुळत नाहीत.

पहिली वाट, प्रत्येक कुटुंबाचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी. दुसरी, कमावत्यांची वेट लावलेली एकूण बेरीज भागिले माणसांची वेट लावलेली एकूण बेरीज. तिसरी वाट आकड्यापुरती दुसरीसारखीच, फक्त स्टँडर्ड एरर (सॅम्पल बदललं तर आकडा साधारण किती हलेल त्याचं माप) काढताना अंशाच्या बेरजेची एरर घेऊन ती छेदाच्या बेरजेने भागली. दुसरी आणि तिसरी यांचा आकडा एकच येतो, एरर मात्र बरीच वेगळी. बरोबर कोणती? आर आणि स्टाटा ही दोन्ही सांख्यिकी सॉफ्टवेअर हाताशी आहेत.

छेदस्थान

दुसरी. पण पहिली 'चूक' आहे असं सरसकट म्हणू नका, ती वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

चार कुटुंबं घ्या, माणसं २, ४, ६, ८ आणि प्रत्येकात कमावते २. बेरजांचं गुणोत्तर ८ भागिले २०, म्हणजे ०.४०. कुटुंबनिहाय गुणोत्तरं १, ०.५०, ०.३३, ०.२५ आणि त्यांची सरासरी ०.५२. ०.४० मध्ये प्रत्येक माणसाचं मत एक, ०.५२ मध्ये प्रत्येक कुटुंबाचं मत एक. 'दर माणशी' असा प्रश्न असेल तर ०.४० शिवाय दुसरं उत्तर नाही. 'सरासरी कुटुंबात कमावत्यांचा वाटा किती' असं कुणी विचारलं तरच ०.५२, आणि तेव्हासुद्धा वेट लावूनच.

शिवाय कुटुंबनिहाय गुणोत्तराला एक व्यावहारिक अडचण आहे. छेद शून्य असलेल्या ओळी गळतात. जमीन नसलेलं कुटुंब, शाळेच्या वयाचं मूल नसलेलं कुटुंब, यांचं गुणोत्तर निघतच नाही. बेरजांच्या गुणोत्तरात त्या ओळी निमूट बसतात, ० मिळवून.

अवशेष

तिसऱ्या वाटेबद्दल लिहितो, कारण प्रश्नाचं खरं मर्म तिथे आहे. छेदाच्या बेरजेने नुसतं भागणं म्हणजे छेद हा पक्का, ठाऊक असलेला आकडा आहे असं धरणं. तो तसा नाही. दुसरं सॅम्पल उचललं असतं तर माणसांची बेरीजही वेगळी आली असती. अंश आणि छेद दोघंही हलतात, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने हलतात: ज्या पीएसयूत माणसं जास्त, तिथे कमावतेही जास्त. त्यामुळे गुणोत्तर स्वतः कमी हलतं.

हाताने करून बघा, एकदा केलं की सॉफ्टवेअर आत काय करतं ते कायमचं कळतं. दोन स्ट्रॅटम, प्रत्येकात दोन पीएसयू. प्रत्येक पीएसयूतली वेट लावलेली बेरीज अशी (आधी कमावते, मग माणसं):

स्ट्रॅटम १, पीएसयू अ: १२०, ४००
स्ट्रॅटम १, पीएसयू ब: १८०, ५००
स्ट्रॅटम २, पीएसयू क: १५०, ६००
स्ट्रॅटम २, पीएसयू ड: १५०, ५००

एकूण ६०० आणि २०००, गुणोत्तर ०.३०. आता प्रत्येक पीएसयूचा अवशेष काढा: कमावते वजा ०.३० गुणिले माणसं. अ चा ०, ब चा ३०, क चा उणे ३०, ड चा ०. बेरीज शून्य आलीच पाहिजे. नाही आली तर पुढे जाऊ नका, कुठेतरी वेट चुकलंय.

पुढे व्हेरियन्स (स्टँडर्ड एररचा वर्ग) अवशेषांचा काढायचा, स्ट्रॅटमच्या आत, पीएसयू ते पीएसयू. स्ट्रॅटममध्ये दोनच पीएसयू असले की सूत्र आटोपशीर होतं, दोघांमधल्या फरकाचा वर्ग. पहिल्यात ३० चा वर्ग ९००, दुसऱ्यातही ९००. एकूण १८००, वर्गमूळ ४२.४. ते २००० ने भागा: स्टँडर्ड एरर ०.०२१.

तिसऱ्या वाटेने गेलात तर? अंशाचेच फरक घ्यायचे: ६० आणि ०. व्हेरियन्स ३६००, वर्गमूळ ६०, भागिले २००० म्हणजे ०.०३०. दीडपटीच्या जवळ. इथे एरर फुगली. अंश आणि छेद उलट दिशेने हलत असतील तर हीच वाट एरर कमी दाखवेल. म्हणून 'चालतंय, सुरक्षित बाजूला आहोत' असंही म्हणता येत नाही.

यालाच टेलर लिनिअरायझेशन म्हणतात. आर, स्टाटा, सॅस, एसपीएसएस चौघंही लिनिअरायझेशन वापरतात तेव्हा आत हेच करतात.

टक्काटोपी

आता कमांडा. नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग घाला.

आरमध्ये थॉमस लमली यांचं 'सर्व्हे' पॅकेज. आधी डिझाइन ऑब्जेक्ट करायचा: एसव्हीवायडिझाइन, त्यात आयडीज = ~पीएसयू, स्ट्रॅटा = ~स्ट्रॅटम, वेट्स = ~वेट, डेटा, आणि नेस्ट = ट्रू. मग एसव्हीवायरेशो(~कमावते, ~माणसं, डिझाइन). एवढंच. आउटपुटमध्ये गुणोत्तर आणि स्टँडर्ड एरर वेगवेगळ्या तक्त्यांत येतात.

नेस्ट = ट्रू विसरू नका. बऱ्याच फायलींत पीएसयूचे क्रमांक प्रत्येक स्ट्रॅटममध्ये पुन्हा १ पासून सुरू होतात. नेस्ट नसेल तर आर 'क्लस्टर स्ट्रॅटममध्ये नेस्टेड नाहीत' अशी तक्रार करून थांबतं. हे बरंच म्हणायचं. खरा घोटाळा स्ट्रॅटा द्यायलाच विसरलात तर होतो, तेव्हा पहिल्या स्ट्रॅटममधला पीएसयू १ आणि दुसऱ्यातला पीएसयू १ मुकाट्याने एकच समजले जातात.

गटनिहाय हवं असेल तर एसव्हीवायबाय: पहिलं ~कमावते, बाय = ~गट, डिनॉमिनेटर = ~माणसं, डिझाइन, आणि फंक्शन म्हणून एसव्हीवायरेशो. इथे डिनॉमिनेटर हे नाव लिहूनच द्यावं लागतं, नुसतं क्रमाने दिलं तर गोंधळ होतो.

एफपीसी (मर्यादित लोकसंख्येसाठीची दुरुस्ती) द्यायचा असेल तर आकडा काय आहे ते बघा. आर आणि स्टाटा दोन्ही १ किंवा त्याहून लहान आकडा सॅम्पलिंगचं प्रमाण मानतात, मोठा आकडा एकूण युनिटांची संख्या. पहिल्या टप्प्यात थोडेच पीएसयू निवडले असतील तर एफपीसी सोडून द्या, फरक नगण्य.

दशांशचिन्ह

स्टाटा: एसव्हीवायसेट पीएसयू, चौकटी कंसात पीवेट = वेट, स्वल्पविरामानंतर स्ट्रॅटा(स्ट्रॅटम). मग एसव्हीवाय: रेशो (आर१: कमावते/माणसं). गटांसाठी ओव्हर(गट). पाठोपाठ 'इस्टॅट इफेक्ट्स' दिलं की डिझाइन इफेक्टही (साध्या यादृच्छिक सॅम्पलच्या तुलनेत व्हेरियन्स किती पट) मिळतो. एसव्हीवायसेटमध्ये पीवेटच द्यायचं. एफवेट (ओळ किती वेळा मोजायची तो आकडा) पूर्णांकाशिवाय घेत नाही म्हणून काही जण वेट गोल करून टाकतात. मग स्टाटा प्रत्येक ओळ शेकडो कुटुंबांची समजतं आणि एरर हास्यास्पद लहान येते.

सॅसमध्ये प्रॉक सर्व्हेमीन्स; स्ट्रॅटा, क्लस्टर, वेट या ओळी आणि 'रेशो कमावते / माणसं;'. गटांसाठी डोमेन, बाय नव्हे.

एसपीएसएसमध्ये कॉम्प्लेक्स सॅम्पल्स मॉड्यूल लागतं. आधी प्लॅन फाइल बनवायची, मग त्याच मेनूत रेशोज. नुसतं 'वेट बाय' लावून नेहमीच्या मेनूतून गेलात तर गुणोत्तर बरोबर येईल, एरर मात्र कचऱ्यात टाकण्याजोगी.

तळटीप

@अवशेष, ते चार पीएसयूंचं उदाहरण दोन्हीकडे घातलं. एरर दोघांत तंतोतंत ०.०२१२. पण ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल आरमध्ये ०.२५८ ते ०.३४२ आणि स्टाटामध्ये ०.२०९ ते ०.३९१! एवढा फरक?

अवशेष

डिग्रीज ऑफ फ्रीडम, थोडक्यात डीएफ: व्हेरियन्स किती स्वतंत्र तुकड्यांवरून कळला ती संख्या. आरमध्ये एसव्हीवायरेशोच्या निकालावर कॉनफिंट नुसतं चालवलं तर डीएफ अनंत धरतो, म्हणजे १.९६ ने गुणतो. स्टाटा टी-वितरण वापरतं, डीएफ = पीएसयू वजा स्ट्रॅटम. इथे ४ वजा २ = २, आणि २ डीएफला टी ४.३०. आरमध्ये कॉनफिंटला डीएफ = डेगएफ(डिझाइन) द्या, आकडे जुळतील.

पीएसयू भरपूर असले की फरक दिसेनासा होतो, ६० डीएफला टी २.०० आहे. पण उपगट छोटा असेल, मोजक्याच पीएसयूंत पसरला असेल, तर स्टाटाचंच ऐका. कुटुंबं हजारो असली तरी व्हेरियन्स कळतो तो पीएसयूंच्या संख्येवरून.

आणि एक. गुणोत्तर शून्याच्या जवळ असेल आणि इंटरव्हलचं खालचं टोक उणे जात असेल तर लॉगवर काढा. स्टँडर्ड एरर भागिले गुणोत्तर ही लॉगची एरर. वरच्या उदाहरणात ०.०७०७, गुणिले ४.३०३ म्हणजे ०.३०४. ०.३० ला ई च्या अधिक-उणे ०.३०४ घाताने गुणलं की ०.२२१ ते ०.४०७. खालचं टोक कधीच उणे जाणार नाही.

छेदस्थान

उपगटावरून आठवलं. फक्त ग्रामीण कुटुंबांचं गुणोत्तर हवं म्हणून बाकीच्या ओळी आधीच उडवायच्या नाहीत. ग्रामीण-शहरी हे स्ट्रॅटमच असेल तर काही बिघडत नाही. पण 'स्त्री कुटुंबप्रमुख' सारखा गट स्ट्रॅटमांना आडवा छेदून जातो. ओळी उडवल्या की ज्या पीएसयूत असं एकही कुटुंब नाही तो पीएसयू फाइलमधूनच गायब होतो. 'तिथे गटाची बेरीज शून्य आली' हीसुद्धा माहितीच होती, ती गेली. एरर बहुधा कमी दिसते आणि काही स्ट्रॅटमांत एकच पीएसयू उरून नवीनच कटकट सुरू होते.

आरमध्ये डिझाइन आधी, सबसेट(डिझाइन, अट) नंतर. स्टाटात एसव्हीवाय, सबपॉप(खूण): रेशो. आणि कोणत्याही सॉफ्टवेअरात चालणारी युक्ती: गटासाठी १ आणि बाकीच्यांसाठी ० अशी खूण करा, अंश आणि छेद दोन्हींना तिने गुणा, पूर्ण फाइलवर गुणोत्तर काढा. गुणोत्तर तेच, एररही योग्य. उपगटाची साधी सरासरीसुद्धा याच साच्यातली आहे, तिथे छेद म्हणजे ती खूणच.

टक्काटोपी

एकाच पीएसयूच्या स्ट्रॅटमचं काय ते सांगून टाकू, कारण तळटीप यांना ते लागणारच. अशा स्ट्रॅटममध्ये फरक काढायला दुसरा पीएसयू नाही. आर एरर देऊन थांबतं. स्टाटा स्टँडर्ड एररच्या जागी नुसता ठिपका दाखवतं. सॅस त्या स्ट्रॅटमचा वाटा शून्य धरून पुढे जातं, आणि तेच सगळ्यात धोक्याचं कारण एरर छान लहान दिसते.

आरमध्ये ऑप्शन्समध्ये सर्व्हे.लोनली.पीएसयू ला 'अ‍ॅडजस्ट' द्या, स्टाटात सिंगलयुनिट(सेंटर्ड). दोन्ही त्या पीएसयूचा फरक स्ट्रॅटमच्या सरासरीऐवजी सगळ्यांच्या सरासरीपासून मोजतात. एरर थोडी जास्त येते, येऊ द्या.

दशांशचिन्ह

इथे मी असहमत. अ‍ॅडजस्ट हा शेवटचा पर्याय. आधी तो पीएसयू एकटा का पडला ते बघा. तो १०० टक्के निश्चित निवडलेला मोठा पीएसयू असेल तर पहिल्या टप्प्याचा व्हेरियन्स त्यात खरोखर नाहीच. तिथे 'सर्टन्टी' हा पर्याय योग्य, पण मग त्याच्या आतल्या दुसऱ्या टप्प्याच्या युनिटांना पीएसयू मानून डिझाइन लिहावं लागतं. दोन पीएसयू निवडले होते आणि एकातून प्रतिसादच आला नाही असं असेल तर शेजारचा, निवडीच्या पद्धतीत सारखा असलेला स्ट्रॅटम शोधून दोन्ही एकत्र करा. फक्त एकत्र करताना निकालाचे आकडे बघून जोडी ठरवू नका.

टक्काटोपी

मान्य, कागदपत्रांत स्ट्रॅटम कसे आखले ते लिहिलेलं असेल तर. सार्वजनिक फायलींत बऱ्याचदा नुसते सांकेतिक क्रमांक असतात, शेजारी कोण ते कळत नाही. तिथे अ‍ॅडजस्टच.

तळटीप

समजलं. आता अंशाचा प्रश्न. दवाखान्याच्या भेटी वेगळ्या फाइलमध्ये आहेत, एक भेट एक ओळ. दर माणशी भेटी काढायच्या. दोन फायली जोडल्यावर आरमध्ये एनए (रिकाम्या आकड्याची खूण) आला.

छेदस्थान

ही चूक इतकी सर्रास होते की सविस्तर लिहितो. आधी भेटींची फाइल कुटुंबाच्या पातळीवर मोजून घ्या: एक कुटुंब, एक ओळ, भेटींची संख्या. मग कुटुंबांच्या फाइलला डावीकडून जोडा, म्हणजे सगळी कुटुंबं राहतील. ज्यांची एकही भेट नाही त्यांच्यापुढे जोडताना रिकामं येतं. ते रिकामं म्हणजे शून्य आहे, 'माहिती नाही' नव्हे. तिथे ० भरायचा. तो न भरता एनए.आरएम = ट्रू (रिकाम्या ओळी गाळा) लावलं तर भेट न झालेली सगळी कुटुंबं छेदातूनही निघून जातात आणि गुणोत्तर फुगतं. उलट, ज्या कुटुंबांना तो प्रश्नच विचारला गेला नाही किंवा ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचं रिकामं खरंच रिकामं. तिथे ० भरलं तर गुणोत्तर पडतं. दोन्ही वेगळे करायला प्रश्नावलीतली 'भेट झाली का, हो/नाही' ही गाळणीची ओळ वापरा.

जोडल्यावर दोन गोष्टी तपासा: कुटुंबांची ओळसंख्या आधीइतकीच आहे ना, आणि वेटची बेरीज बदलली नाही ना. बदलली असेल तर कुठेतरी एकाला अनेक जुळलेत.

९८, ९९, ९९९ असे 'सांगता येत नाही' चे कोडही आधी एनए करा. सरासरीत ते एखादवेळी डोळ्यात खुपतात, गुणोत्तरात अंश-छेद दोन्हीकडे शिरले तर पत्ताही लागत नाही.

एक छुपी खोच: आरमध्ये एका एसव्हीवायरेशोत अनेक अंश आणि अनेक छेद दिले आणि एनए.आरएम = ट्रू ठेवलं, तर त्यांतल्या कोणत्याही एका चलात रिकामं असलेली ओळ सगळ्याच गुणोत्तरांतून जाते. स्टाटाही एका रेशो कमांडमधल्या सगळ्या गुणोत्तरांसाठी सामाईक ओळीच घेतं. म्हणून वेगळ्या गुणोत्तरांना वेगळ्या कमांडा.

दशांशचिन्ह

वेटबद्दल आणखी एक. सगळ्या वेटांना एकाच आकड्याने गुणलं किंवा भागलं तर गुणोत्तरावर काहीही परिणाम नाही, वर-खाली कटतं. पण काही फायलींत वेट प्रत्येक प्रदेशात वेगळं 'सामान्यीकृत' केलेलं असतं, सरासरी १ येईल असं. प्रदेशाच्या आत ते ठीक. सगळे प्रदेश मिळून गुणोत्तर काढलंत तर छोट्या प्रदेशाला त्याच्या सॅम्पलइतकं वजन मिळेल, लोकसंख्येइतकं नाही. पडताळणी सोपी: वेटची प्रदेशनिहाय बेरीज काढा. ती बरोबर त्या प्रदेशातल्या ओळींइतकी आली तर ओळखा काय ते.

तळटीप

दुसऱ्या एका फाइलमध्ये स्ट्रॅटम-पीएसयू नाहीतच, फक्त मूळ वेट आणि ८० रेप्लिकेट वेटचे (एरर काढण्यासाठी मुद्दाम बदललेल्या वेटांचे) कॉलम.

अवशेष

मग काम उलट सोपं. मूळ वेटने गुणोत्तर काढा, मग प्रत्येक रेप्लिकेट वेटने तेच. ८० गुणोत्तरं मूळ गुणोत्तरापासून किती दूर, त्यांच्या वर्गांची बेरीज, गुणिले एक ठरलेला गुणक. अवशेषबिवशेष काही नको.

सगळा खेळ त्या गुणकाचा. रेप्लिकेट कोणत्या पद्धतीने बनवले त्यावर तो ठरतो. जेके१ (जॅकनाइफचा प्रकार) असेल तर (८० वजा १) भागिले ८०. साधा बीआरआर (दर वेळी निम्मं सॅम्पल घेणारी पद्धत) असेल तर १ भागिले ८०. फे पद्धतीत (बीआरआरचाच सौम्य प्रकार, किती सौम्य ते रो हा आकडा ठरवतो) (१ वजा रो) या पूर्ण फरकाचा वर्गही छेदात येतो, रो ०.५ असेल तर गुणक ४ भागिले ८०. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या ८० रेप्लिकेटांनाही ४ भागिले ८० असाच गुणक आहे, पद्धत वेगळी असली तरी. फे ला साधा बीआरआर समजलात तर व्हेरियन्स चौथाई आणि एरर निम्मी. आकडा विचित्र दिसत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. गुणक डेटासोबतच्या माहितीपत्रकातूनच घ्या, अंदाजाने नाही.

आरमध्ये एसव्हीरेपडिझाइन, टाइप, स्केल, आरस्केल्स. त्यात कम्बाइन्ड.वेट्स हा एक घटक असतो, मुळात ट्रू. रेप्लिकेट कॉलमातले आकडे मूळ वेटच्या आसपासचे असतील तर ट्रूच. ते ०, १, २ किंवा ०.५, १.५ असे दिसत असतील तर ते नुसते गुणक आहेत, फॉल्स करा.

स्वतः बूटस्ट्रॅप (सॅम्पलमधूनच पुन्हा पुन्हा उचलून एरर काढणं) करायचा मोह होईल. कुटुंबं नव्हे, पीएसयू उचलायचे, स्ट्रॅटमच्या आत. आणि प्रत्येक स्ट्रॅटममध्ये दोनच पीएसयू असतील तर दोनातून दोन उचलणारा साधा बूटस्ट्रॅप व्हेरियन्स निम्मा दाखवतो. दोनातून एक उचलून वेट दुप्पट करायचं. आरमध्ये अ‍ॅज.एसव्हीरेपडिझाइनला टाइप 'सबबूटस्ट्रॅप' दिलं की ते हेच करतं.

टक्काटोपी

दोन गटांची तुलना राहिली. गट १ चं गुणोत्तर आणि गट २ चं, दोघांच्या एररचे वर्ग बेरजेला घालून फरकाची एरर काढणं तेव्हाच बरोबर जेव्हा दोन्ही गट वेगळ्या स्ट्रॅटमांत आहेत. एकाच पीएसयूत दोन्ही गटांची कुटुंबं असतील तर को-व्हेरियन्स (दोन आकडे एकत्र किती हलतात त्याचं माप) शून्य नसतो. स्टाटात ओव्हर(गट) नंतर लिनकॉम. गुणांकांची नावं आवृत्तीगणिक बदलली आहेत, कोएफलेजेंड हा पर्याय लावून आधी नावं बघून घ्या.

त्याहून सुटसुटीत वाट म्हणजे क्वासीपॉयसन रिग्रेशन. एसव्हीवायजीएलएम, कमावते ~ गट + ऑफसेट(लॉग(माणसं)), फॅमिली क्वासीपॉयसन. मॉडेलात फक्त गट असेल तर त्याचे समीकरणच असं आहे की प्रत्येक गटाचं अंदाजित गुणोत्तर बरोबर बेरजांच्या गुणोत्तराइतकं येतं, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत. गुणांकाचा ई-घात म्हणजे एका गटाचं गुणोत्तर दुसऱ्याच्या किती पट, इंटरव्हलसकट. पॉयसन वितरण पाळलं जातंय का याची चिंता नको, एरर डिझाइनमधूनच येते.

तळटीप

छेद शून्य असेल तर लॉग निघणार नाही ना?

टक्काटोपी

नाही निघणार. छेद ० आणि अंशही ० असेल तर ती ओळ गटाच्या बेरजांत काही भर घालत नाही, डिझाइनवर सबसेट करून बाहेर ठेवा. छेद ० आणि अंश मात्र ० पेक्षा मोठा, अशा ओळी निघाल्या तर थांबा: शून्य माणसांच्या घरात दोन कमावते असू शकत नाहीत, डेटा एंट्रीकडे परत जा. पण अंश छेदाचा भाग नसेल तेव्हा, उदाहरणार्थ भाड्याच्या जमिनीचं उत्पन्न भागिले स्वतःची जमीन, तसं खरंच असू शकतं. मग ओळ ठेवायची आणि एसव्हीवायरेशोच वापरायचं. खरं तर तिथे छेदच पुन्हा ठरवायला हवा.

दशांशचिन्ह

बायसबद्दल (अंदाज सरासरीने खऱ्या आकड्यापासून एका बाजूला सरकणं) कुणीच बोललं नाही. गुणोत्तराचा अंदाज किंचित बायस्ड असतो, सॅम्पल वाढेल तसा बायस १ भागिले एन या वेगाने घटतो. हार्टली आणि रॉस यांनी १९५४ मध्ये दाखवलेली मर्यादा फार कामाची आहे: बायस भागिले स्टँडर्ड एरर हे छेदाच्या सीव्हीपेक्षा (स्टँडर्ड एरर भागिले आकडा) जास्त असूच शकत नाही. म्हणजे बघायचा तो छेदाच्या बेरजेचा सीव्ही. वरच्या उदाहरणात दोन्ही स्ट्रॅटमांत छेदाचा फरक १००, व्हेरियन्स २०,०००, एरर १४१, भागिले २००० म्हणजे ७ टक्के. बायस एररच्या ७ टक्क्यांपलीकडे जात नाही, विसरा. रूढ मर्यादा १० टक्के. छोट्या उपगटात छेदाचा सीव्ही २५-३० टक्के झाला तर गुणोत्तर छापण्याआधी दोनदा विचार, आणि इंटरव्हल फिलरच्या पद्धतीने. तो असममित येतो, कधी एका बाजूला अमर्यादही. तसा आला तर समजायचं की छेद शून्यापासून पुरेसा लांब आहे हेच डेटा सांगू शकत नाही.

आरमध्ये: सीव्ही(एसव्हीवायटोटल(~माणसं, डिझाइन)). एक ओळ.

छेदस्थान

अजून एक उपयोग आहे, आणि तो जुना आहे. छेदाची खरी एकूण संख्या बाहेरून ठाऊक असेल तर गुणोत्तर गुणिले ती संख्या हा अंशाच्या बेरजेचा अंदाज होतो. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८०२ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या अशीच काढली. ३० विभागांतल्या निवडक कम्यूनमध्ये (फ्रान्समधली गावं-शहरं) २०,३७,६१५ माणसं मोजली आणि तिथले तीन वर्षांचे जन्म २,१५,५९९. वर्षाला एका जन्मामागे २८.३५ माणसं, देशभरातले वार्षिक जन्म नोंदणीतून ठाऊक होते, गुणाकार केला की झालं. कम्यून निवडले ते मात्र जिथले महापौर नोंदी चोख ठेवतील असे, आजच्या अर्थाने यादृच्छिक नव्हेत.

फायदा कधी? अंश-छेदांचा सहसंबंध, छेदाचा सीव्ही भागिले अंशाच्या सीव्हीची दुप्पट, याहून जास्त असेल तर. दोन्ही सीव्ही सारखे असले तर सहसंबंध ०.५ च्या वर हवा. त्याखाली साधी वेट लावलेली बेरीजच बरी.

आरमध्ये प्रेडिक्ट(गुणोत्तर, टोटल = ठाऊक संख्या). एसव्हीवायरेशोत सेपरेट = ट्रू दिलं तर प्रत्येक स्ट्रॅटमचं वेगळं गुणोत्तर निघतं, मग टोटलही स्ट्रॅटमनिहाय द्यावी लागते. आकर्षक वाटतं. पण प्रत्येक स्ट्रॅटममध्ये मोजकीच युनिटं असली तर सगळ्या स्ट्रॅटमांचे बायस एकाच दिशेचे असू शकतात आणि साठत जातात, एरर तेवढी साठत नाही. दोन-दोन पीएसयूंच्या डिझाइनमध्ये सेपरेटच्या वाटेला जाऊ नका.

तळटीप

जाणार नाही. अवशेष यांची पडताळणी खऱ्या फाइलवर करायची तर काय क्रम ठेवू?

अवशेष

आरमधलं गुणोत्तर सगळ्या दशांशांसकट घ्या, तीन दशांशांवर तोडलेलं नको, नाहीतर अवशेषांची बेरीज शून्य येणार नाही. प्रत्येक कुटुंबासाठी वेट गुणिले (कमावते वजा गुणोत्तर गुणिले माणसं). त्याची पीएसयूनिहाय बेरीज पिव्हट टेबलमध्ये. स्ट्रॅटममध्ये दोनपेक्षा जास्त पीएसयू असतील तर त्या बेरजांचे त्यांच्या सरासरीपासूनचे वर्ग मिळवा आणि पीएसयूसंख्या भागिले (पीएसयूसंख्या वजा १) ने गुणा. सगळे स्ट्रॅटम मिळवून वर्गमूळ, भागिले माणसांची वेट लावलेली बेरीज. एफपीसी आणि एकटा पीएसयू यांपैकी काही नसेल तर एसव्हीवायरेशोच्या एररशी सहाव्या-सातव्या दशांशापर्यंत जुळलंच पाहिजे. तिसऱ्या दशांशावरच फाटलं, तर बहुतेक वेळा पीएसयूचा कॉलम स्ट्रॅटमशिवाय पिव्हटमध्ये गेलेला असतो.